वाचक विचारतात: खापर हातात आहे, आता पुढे काय?

मागच्या अंकात फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनबद्दल लिहिताना स्पॅनिश 'ऑलिव्ह जार'चा जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. १६व्या शतकापासून १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पेनहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांत तेल, वाइन असलं सामान ज्या मातीच्या घड्यांतून जायचं ते घडे, स्पॅनिशमध्ये बोतिहा. त्या दोन ओळींवर एवढे मेल आलेत की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे. तर यावेळी सगळा कॉलम घड्यांनाच देऊन टाकतो.

प्रश्न: आम्ही जॅक्सनव्हिलला राहतो. वादळानंतर सेंट ऑगस्टिनजवळच्या बीचवर मुलाला तळहाताएवढं जाड खापर मिळालं. बाहेरून मळकट पांढरं, तुटलेल्या कडेला गुलाबी, आतून थोडी हिरवी चकाकी. फोटो जोडलाय. हे ऑलिव्ह जारचंच आहे का? आणि घरी ठेवलं तर चालतं का? (एक वाचक, फ्लोरिडा)

फोटो बघितला, बहुतेक तेच आहे. बहुतेक अशासाठी म्हणतोय की नुसत्या रंगावरून काही ठरत नाही, गुलाबी माती तर कुंडीचीही असते आणि कौलाचीही. पण तुमच्या तुकड्यात चार-पाच गोष्टी एकदम जुळून आल्यात. भिंत साधारण सेंटिमीटरभर जाड आहे आणि सगळीकडे सारखी नाही, कमीजास्त होते. मातीत वाळूचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतायत. तुकड्याला दोन्ही दिशांनी बाक आहे, म्हणजे पाइप किंवा कौल नाही, पोटवाल्या भांड्याचा तुकडा आहे. बाहेरचा पांढुरका थर म्हणजे रंग दिलेला नसतो, भाजताना पृष्ठभागच तसा फिकट होतो, त्यामुळे नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघत नाही (खरवडू नका, मी सांगतो म्हणून माना). आतल्या बाजूने अंगठा फिरवा, चाकावर घडवताना कुंभाराच्या बोटांनी उठलेल्या वळ्या लागतील, बाहेरून त्या बऱ्याचदा पुसलेल्या असतात पण आत कोण बघतंय म्हणून तशाच राहतात. आणि ती हिरवी चकाकी म्हणजे शिशाचं ग्लेझ, भाजताना बसणारा काचेसारखा थर. ते सगळ्या घड्यांना नसायचं, काहींना आतून द्यायचे म्हणजे तेल मातीत मुरत नाही. हल्लीच्या कुंडीला आतून ग्लेझ कोण कशाला देईल!

आता ठेवण्याचं. फ्लोरिडात सरकारी जमिनीवर आणि सरकारी पाण्याखाली सापडलेल्या जुन्या वस्तू राज्याच्या मालकीच्या असतात, परवानगीशिवाय उचलणं किंवा खणणं हा गुन्हा आहे, आणि त्या भागातला काही किनारा तर नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे तिथे नियम अजून कडक. त्यामुळे आधी ती जागा नक्की कुणाची आहे ते बघा. फोनवर लोकेशन सेव्ह असेल तर फारच छान, शेजारी पट्टी ठेवून आतून-बाहेरून आणि कडेचा असे फोटो काढा आणि फ्लोरिडा पब्लिक आर्किऑलॉजी नेटवर्कच्या लोकांना पाठवा. ते लोक ओरडत नाहीत हो, उलट खूश होतात. २०१५ साली फ्लोरिडातल्याच पेन्साकोलात एका स्थानिक माणसाने बांधकामाच्या जागी पडलेली अशीच खापरं ओळखली आणि युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट फ्लोरिडाच्या लॅबमध्ये नेऊन दाखवली, तर ती निघाली त्रिस्तान दे लुना या स्पॅनिश मोहीमप्रमुखाच्या १५५९च्या वसाहतीची. ही वसाहत कुठे होती ते तोपर्यंत कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्याच्या ताफ्यातली वादळात बुडालेली जहाजं खाडीत आधी सापडली होती, पण जमिनीवरचं गाव हाती लागलं ते या खापरांमुळे. तेव्हा मुलाला सांगा, खापर उचलून आणण्यापेक्षा ते कुठे पडलं होतं हे लिहून ठेवणं जास्त कामाचं. आणि फावडं घेऊन परत जाऊ नका प्लीज.

प्रश्न: मी पुण्यात पुरातत्त्वात एमए करतेय. आम्हाला सेमिनारसाठी ऑलिव्ह जार दिलाय. अर्ली, मिडल, लेट असे तीन प्रकार सगळीकडे दिलेत पण ते नेहमी अख्ख्या घड्याच्या चित्रासकट. खड्ड्यात तर अख्खा घडा कधीच निघत नाही, मग ओळखायचं कसं? (विद्यार्थिनी, पुणे)

चला, कुणीतरी मुद्द्याचं विचारलं. ही तिहेरी विभागणी अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉन गॉगिनची, १९६० साली त्याने केली, आणि त्यानंतर बुडालेल्या जहाजांमधून तारखा पक्क्या असलेले घडे निघाले त्यांवरून इतरांनी ती तपासली, सरकवली, तिच्यावर भांडणंही केली, पण सांगाडा अजून तोच आहे.

अर्ली म्हणजे ढोबळमानाने १५०० ते १५७०-८०. हा घडा गोल, चपटा, प्रवासातल्या पाण्याच्या बाटलीसारख्या घडणीचा, दोन कान, आणि काठ बाहेर पसरलेला. यातली गंमत त्याच्या घडणीत आहे. दोन वाडगे चाकावर वेगवेगळे करून तोंडाला तोंड लावून जोडायचे, सांधा उभा, आणि मग वरून गळा बसवायचा. त्यामुळे पोटाच्या तुकड्यावर चाकाच्या वळ्या गळ्याच्या हिशोबाने आडव्या न जाता दोन्ही बाजूंना गोल गोल फिरलेल्या दिसतात. तुकडा मोठा असला आणि काठाजवळचा असला तर हे एकच लक्षण पुरतं.

मिडल म्हणजे त्याच्यापुढे साधारण १७८०-१८०० पर्यंत. कान गेले. गळा जवळजवळ नाहीच, तोंडाला फक्त एक जाडजूड कडं, मेदूवडा ठेवलाय असं वाटावं इतकं गुबगुबीत. आकार तीन धरतात: लांबट अंड्यासारखा मोठा, गोल मध्यम, आणि खाली निमुळता होत जाणारा लहान. मोठ्यात साधारण सव्वा अरोबा (जुनं स्पॅनिश माप) वाइन मावायची, अरोबा वाइनचा धरला तर सुमारे १६ लिटर, म्हणजे घडा झाला २० लिटरच्या आसपास. गोल मध्यमात अर्धा अरोबा तेल, पण तेलाचा अरोबा वेगळा, साडेबारा लिटरचा, त्यामुळे तो सहा-सव्वासहा लिटरचा. सेमिनारमध्ये हे दोन अरोबे एकच धरू नकोस, कुणीतरी नक्की पकडेल. लेट म्हणजे उरलेलं, १८५० पर्यंत, त्यावर कमी काम झालंय आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात कमी रस आहे.

आता तुझा खरा प्रश्न. काठ सापडला तर तू श्रीमंत. काठाचा छेद काढ, म्हणजे कड्याची जाडी, बाहेरची गोलाई की तिरकेपणा, कडं आणि खांदा यांच्यामध्ये खाच आहे की सरळ उतार, हे सगळं मोजून चित्रात उतरव. जहाजांच्या घड्यांशी तुलना होते ती या छेदाची. १५५४ साली टेक्ससच्या पाद्रे आयलंडपाशी बुडालेली तीन जहाजं, १६२२ सालचं फ्लोरिडाजवळचं आतोचा, १७२४ साली कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटाच्या किनाऱ्यावर गेलेली तोलोसा आणि ग्वादालूपे, अशा ठिकाणचे घडे एकाच दिवशी पाण्यात गेलेले, त्यामुळे ते मोजपट्टीसारखे वापरता येतात. काठावर कधी कधी भाजण्याआधी दाबलेला शिक्का असतो, खांद्यावर कोरलेल्या किंवा रंगवलेल्या खुणा असतात, त्या तर ट्रेसच कर.

आणि नुसता पोटाचा तुकडा असेल, जो दहातल्या नऊ वेळा तोच असतो, तर त्याच्याकडून तारखेची अपेक्षा ठेवू नकोस. तो एवढंच सांगणार: बोतिहा, १५०० ते १८५०. अनेक रिपोर्टांत लोक जाडीवरून नाहीतर ग्लेझवरून असल्या तुकड्याला एखादं शतक देऊन मोकळे होतात, मला ते पटत नाही, ग्लेझ लावलेले आणि न लावलेले असे दोन्ही घडे सगळ्याच काळात आहेत. तारीख काढायची ती त्या थरातल्या बाकीच्या मालावरून. स्पॅनिश माहोलिका, म्हणजे कथिलाचं पांढरं ग्लेझ दिलेली ताटवाटी, त्यांचे नमुने भराभर बदलत गेले. चिनी पोर्सेलिन, काचेचे मणी, खिळे. वजन कर, मोज, मातीप्रमाणे गट पाड आणि बाकी थराला बोलू दे.

अजून एक सापळा. ऑलिव्ह जार सापडला म्हणजे स्पॅनिश माणूस राहत होता असं नाही. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या जेम्सटाउन वसाहतीतही हे घडे निघालेत, इंग्लंडमधल्या बंदरांतही. माल चांगला होता, घडे दणकट होते, विकत घेतले, लुटले, काहीही असेल.

आणि तू पुण्यात आहेस म्हणून सांगतो, हीच गडबड आपल्याकडे रोमन अँफोऱ्याच्या, म्हणजे वाइन-तेलाच्या दोन कानांच्या रोमन घड्याच्या बाबतीत झालेली आहे. पश्चिम भारतातल्या उत्खननांत अँफोरा म्हणून नोंदवलेल्या अनेक तुकड्यांची पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी परत तपासणी केली तेव्हा त्यातले बरेच मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारचे, म्हणजे लांबट, बिनकानी घड्यांचे निघाले. आतल्या काळ्या थराकडे नीट बघितलं तर फरक कळतो, टॉर्पेडो जारला आतून डांबर असतं. बोतिहालाही वाइनसाठी आतून झाडाच्या राळेपासून केलेला काळा लेप द्यायचे. काळा थर दिसला की धुवून टाकायचा नाही, ब्रश तर अजिबात नाही, त्यातच माहिती असते. नेवासा आणि एलिफंटाची खापरं कुठे हाताळायला मिळाली तर आधी ती बघ, हाताला सवय होईल.

प्रश्न: यात ऑलिव्ह भरायचे का फक्त? (सातारा)

ऑलिव्हही जायचे, पण मुख्य म्हणजे वाइन आणि ऑलिव्हचं तेल. शिवाय व्हिनेगर, मध, केपर, हरभरे, साबण, डुकराची चरबी, जहाजाला लागणारं डांबरसुद्धा. जे सांडेल किंवा सडेल ते सगळं घड्यात. तोंडाला बुचाच्या झाडाचं बूच, वरून सील, आणि बाहेरून एस्पार्तो गवताचं वेष्टण म्हणजे घडे एकमेकांवर आपटून फुटत नाहीत. बुडाला टेकायला सपाट जागा नसते म्हणून लोकांना नवल वाटतं, पण जहाजाच्या तळात रचताना गोल किंवा निमुळतं बूडच सोयीचं, खालच्या थरातल्या फटींत वरचा थर बसतो.

प्रश्न: आमच्या बार्देशातल्या जुन्या घरात एक मोठी बरणी आहे, कमरेच्या वर येईल एवढी. तपकिरी, चकचकीत, खांद्यावर चार कड्या आणि ड्रॅगनसारखं काहीतरी. गोव्यावर काही वर्षं स्पेनच्या राजाचं राज्य होतं ना, मग ही स्पॅनिश असू शकते का? (म्हापसा)

तुमचा इतिहास बरोबर आहे, १५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होतं म्हणजे गोवाही त्याच राजाचा. पण राजा एक झाला म्हणून जहाजांचे मार्ग एक झाले नाहीत. गोव्याला यायचं ते लिस्बनहून, आणि बोतिहा भरून निघायचे ते सेव्हिलच्या नदीतून अमेरिकेकडे, नंतर १७१७ पासून काम काडिझला गेलं. तुमची बरणी स्पॅनिश नाही.

ती मर्तबान दिसतेय, आणि मला विचाराल तर बोतिहापेक्षा कितीतरी देखणी चीज. ब्रह्मदेश, सयाम, दक्षिण चीन या पट्ट्यात असल्या बरण्या व्हायच्या आणि सगळ्या हिंदी महासागरात फिरायच्या. फरक ओळखायला सोपा आहे. बोतिहा कमी आचेवर भाजलेली साधी माती, ही दगडासारखी पक्की भाजलेली, जवळजवळ १२०० अंशांपर्यंत. कुठे कपचा उडालेला असेल तर तिथे पाण्याचा थेंब सोडा. साध्या मातीत तो जिरतो, तुमच्या बरणीवर नुसता बसून राहील. टिचकी मारली तर खणखणीत वाजेल (हळू मारा, तडा असेल तर नकोच). खांद्यावरच्या कड्या झाकणाची दोरी बांधायला, मिडल बोतिहाला असलं काही नसतं. बाहेरून गडद ग्लेझ आणि ड्रॅगन हे तर बोतिहाच्या वाटेलाच जात नाही, बोतिहा म्हणजे शुद्ध पॅकिंग, सजावट शून्य.

तुमच्याच समुद्रात याचे भाऊबंद आहेत. गोव्याजवळ सुंची रीफवर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १७व्या शतकातलं पोर्तुगीज जहाज शोधलं त्यात मर्तबानची खापरं मिळालीत, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही. स्पॅनिश आणि मर्तबान एकत्र बघायचं असेल तर फिलिपिन्स. सान दिएगो नावाचं स्पॅनिश जहाज १४ डिसेंबर १६०० ला मनिलाजवळ डच जहाजाशी लढताना बुडालं, १९९०च्या दशकात त्यातला माल वर काढला तर आशियाई बरण्या शेकड्यांनी निघाल्या. स्पॅनिश लोक मनिलात बसून स्वतःचे घडे सेव्हिलहून कशाला मागवतील, शेजारी एवढा उत्तम माल असताना!

तुमची बरणी जिना किंवा दार यांच्या वाटेत असेल तर तेवढी बाजूला घ्या. आणि आत लोणचं घालत असाल तर खुशाल घाला.

प्रश्न: घडा स्पेनचाच की अमेरिकेत बनवलेला हे लॅबमध्ये कळतं का? (नाशिक)

कळतं, आणि गेल्या काही दशकांतलं सगळ्यात भारी काम तेच आहे. कारण अमेरिकेत घडे होत होते. दक्षिण पेरूतल्या मोकेग्वा खोऱ्यात स्पॅनिशांनी द्राक्षं लावली, वाइन आणि मग ब्रँडी गाळली, आणि ती भरायला घडे तिथेच भाजले. पुरातत्त्वज्ञ प्रूडन्स राइस यांच्या टीमने त्या खोऱ्यात असे १३० जुने वाइनचे कारखाने नोंदवले, काही ठिकाणी भट्ट्यांसकट. तिथे अजून एक फायदा, १६००च्या फेब्रुवारीत वाइनापुतीना ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सगळीकडे राख पसरली, म्हणजे राखेच्या खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं, आयती तारीख.

डोळ्यांना मात्र पेरूचा आणि सेव्हिलचा घडा कधी कधी फसवतो, आकार एकच ना. मग खापराचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सेव्हिलची माती ग्वादालकिविर नदीकाठची, चुनखडीवाली. अँडीजकडच्या मातीत ज्वालामुखीच्या खडकाचे कण. त्याने भागलं नाही तर मूलद्रव्यांचं प्रमाण मोजतात, निकष म्हणून त्या त्या भट्टीचा कचरा हाताशी असेल तर उत्तर पक्कं येतं, नसेल तर नुसते आकडे.

यातलं सगळ्यात लांबवर गेलेलं उदाहरण सॉलोमन बेटांचं. १५९५ साली मेंदान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी पेरूहून चार जहाजं घेऊन पॅसिफिकमध्ये वसाहत करायला निघाला, त्यातलं सांता इसाबेल एका रात्रीत गायबच झालं. पुढे १९७०च्या सुमारास मकिरा बेटावर पामुआला स्पॅनिश खापरं सापडली, त्यात ऑलिव्ह जारही. ही माती कुठली हे ठरवायला संशोधकांनी खापरातले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेगळे काढून त्यांचं वय मोजलं. झिरकॉन झिजत नाही, भट्टीतही टिकतो, आणि कुठल्या खडकातून वाळू आली त्याचं वय पोटात घेऊन बसतो. स्पेनच्या वाळूतले झिरकॉन आणि अँडीजच्या वाळूतले झिरकॉन यांच्या वयात कोट्यवधी वर्षांचा फरक, त्यामुळे घोळ होत नाही. एका वाइनच्या घड्यासाठी एवढा खटाटोप कशाला असं काहींना वाटेल, पण बेपत्ता जहाजाची माणसं किनाऱ्याला लागली होती का याचा पुरावा आज जवळपास या खापरांवरच उभा आहे.

प्रश्न: रिकामे घडे परत स्पेनला का नेत नसत? (कोल्हापूर)

येताना चांदी, कातडी, नीळ, कोशिनील (किड्यांपासूनचा लाल रंग) भरायचं असताना रिकाम्या घड्यांनी जागा कोण अडवणार. तिथेच वापरात राहायचे, पाणी भरायला वगैरे, फुटले की भराव. इमारतींतही जायचे. घुमटाच्या आणि कमानींच्या खांद्यांत माती-दगड भरायच्या ऐवजी रिकामे घडे रचले की वजन कमी होतं, सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्येच छतावरच्या भरावात मातीची भांडी आहेत. दुरुस्तीच्या वेळी ती निघतात तेव्हा अभ्यासकांना अख्खे नमुने मिळतात, जे एरवी फक्त समुद्र देतो.

प्रश्न: ऑनलाइन लिलावात शिंपले चिकटलेला 'जहाजातून काढलेला' घडा दिसला, किंमत परवडण्यासारखी आहे. घेऊ का? (बंगलोर)

मी घेणार नाही. शिंपल्यांनी काही सिद्ध होत नाही, मडकं समुद्रात टाकून ठेवलं तरी शिंपले धरतात. खरा असेल तर प्रश्न अजून वाढतात. कुठलं जहाज, कुठल्या देशाचं पाणी, काढायची परवानगी कुणी दिली? युनेस्कोच्या २००१च्या करारात पाण्याखालच्या वारशाचा व्यापार नको असं स्पष्ट आहे, सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण स्पेनने केलाय आणि स्पेन आपली जहाजं सोडत नाही. १८०४ साली बुडालेल्या मेर्सेदेस जहाजाची नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये वर काढली, विमानाने फ्लोरिडाला नेली, आणि शेवटी कोर्टाच्या आदेशाने २०१२ मध्ये ती स्पेनला परत करावी लागली. तुमच्या घड्यामागे कुणी वकील लावणार नाही हे खरं, पण विक्रेत्याला जहाजाचं नाव आणि परवान्याची प्रत मागून बघा. 'कॅरिबियन समुद्रातून, जुन्या कलेक्शनमधून' एवढंच उत्तर आलं तर टॅब बंद करा.